स्वमत, गुण तीन

पुढील वाक्य वाचा आणि त्याखालील प्रश्नांची उत्तरे द्या.

‘सकाळी टोमकाने फुरडीत तीन झिंबरे लोंदली, कारण आदल्या रात्री डुरगा भिंगाळला होता.’

प्रश्न १ : टोमकाने झिंबरे कोठे लोंदली? प्रश्न २ : त्याने किती झिंबरे लोंदली? प्रश्न ३ : त्याने झिंबरे का लोंदली?

वाचकहो, तुम्हाला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आली असतील. फुरडीत. तीन. डुरगा भिंगाळला होता म्हणून. पैकीच्या पैकी गुण. टोमक हा माणूस आहे की पक्षी, फुरडी हे भांडे आहे की शेत, याची गरजच पडली नाही. मराठीतले विभक्तिप्रत्यय आणि वाक्यरचना आपल्या अंगवळणी पडलेली आहे, तिच्या जोरावर आपण उत्तर उचलले आणि चौकटीत ठेवले. हे वाक्य मी केले आहे. त्यातले नामशब्द आणि क्रियापदे निरर्थक आहेत.

डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर शनिवारी दुपारी आठवी ते दहावीची काही मुले माझ्याकडे येतात. काही मराठी माध्यमाची, काही इंग्रजी माध्यमाची. एकदोघे कल्याणहून, एक मुलगी ठाण्याहून. मी निवृत्त मराठी शिक्षिका. शिकवणी नव्हे, फी नाही. नुसते वाचायचे आणि लिहायचे. पहिल्याच शनिवारी मी त्यांना हे वाक्य दिले. सगळ्यांनी भराभर उत्तरे लिहिली. मग मी विचारले, “टोमक म्हणजे काय रे?” सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी दहावीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, ते पेपरात विचारत नाहीत.”

त्याने मला उद्धटपणे उत्तर दिले नव्हते. त्याने आपल्या शिक्षणाचे अचूक वर्णन केले होते. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे की, आपल्या शाळांतले ‘आकलन’ आणि ‘निबंध’ ही दोन वेगळी दुखणी नाहीत. दोन्हीकडे मुलाला समजल्यावाचून निभावून नेता येते, आणि दोन्हीकडे ‘कशावरून?’ हा एकच प्रश्न गाळलेला असतो.

कृतिपत्रिकेची बाजू

आधी न्याय्य ते बोलले पाहिजे. दहावीचा नवा अभ्यासक्रम २०१८-१९ मध्ये आला आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका रुळली. त्यामागचा हेतू चांगला होता. ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ आणि ‘थोडक्यात उत्तरे’ यांच्या काळात मुले धड्याखालची उत्तरे अक्षरश: घोकत. मी स्वत: ती घोकून घेतली आहेत. कृतिपत्रिकेत उताराच समोर छापलेला असतो. त्यामुळे पाठांतराचे ओझे उतरले. पाठ्यपुस्तकाबाहेरचा अपठित उतारा आला. आणि ‘स्वमत’ आले. मुलाला त्याचे स्वत:चे मत विचारायचे, ही कल्पनाच आमच्या पिढीला नवीन होती.

आता गुणांची विभागणी पाहा. प्रथम भाषा मराठीची लेखी परीक्षा ८० गुणांची. त्यात गद्य विभागाला १८ गुण. पठित उतारे दोन, प्रत्येकी ७ गुणांचे. अपठित उतारा ४ गुणांचा. पठित उताऱ्याच्या ७ गुणांपैकी ४ गुण आकलनकृतींचे आणि ३ गुण स्वमताचे. आकलनकृती म्हणजे आकृतिबंध पूर्ण करा, ओघतक्ता भरा, जोड्या लावा, चौकटी पूर्ण करा. अपठित उताऱ्यातही प्रामुख्याने याच जातीच्या कृती असतात. यांतल्या बहुसंख्य कृती टोमकाच्या वाक्यावर करता येतील अशा आहेत. ‘फुरडीत लोंदलेल्या वस्तू’ असा गोल काढून त्याला बाण जोडला की झाले.

म्हणजे समजले की नाही हे खऱ्या अर्थाने तपासणारी जागा एकच उरते, ती स्वमताची. आणि तिथे काय होते? स्वमत गाइडमध्ये छापून येते. क्लासच्या नोट्समध्ये येते. ‘अपेक्षित’ संचात येते. मुले दुसऱ्याचे मत स्वत:चे म्हणून पाठ करतात. मी बरीच वर्षे बोर्डाचे गठ्ठे तपासले आहेत. एकाच परिसरातल्या उत्तरपत्रिकांत स्वमत एकाच क्रमाने, एकाच विशेषणांसह उतरलेले दिसते. त्यात कोणी खोटे वागत नसते. मुलाला वाटते की हेच बरोबर मत आहे. परीक्षकालाही छापील उत्तरसूचीशी जुळणारे उत्तर तपासणे सोपे जाते. वेगळे मत दिसले की गुण द्यावेत की नाही, मॉडरेटर काय म्हणेल, असा विचार मनात येतोच. माझ्याही आला आहे.

निकालाचा आकडा काय सांगतो?

कोणी म्हणेल, निकाल तर चांगले लागतात. त्या आकड्यांकडेही पाहू. राज्यात दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. तीन वर्षांतला हा झोका मुलांच्या बुद्धीचा नव्हता. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांचे शाळेकडचे २० गुण काढून टाकले होते. ओरड झाली, ते गुण परत आले. २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले, हेही त्यात धरले पाहिजे. ही सगळी कारणे मान्य केली, तरी एक गोष्ट उरतेच : गुण देण्याची रीत बदलली की हुशारी बदललेली दिसते. तेव्हा निकालावरून आकलनाबद्दल काहीही ठरवता येत नाही.

दुसरा आकडा ‘असर’चा. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ग्रामीण भारतातल्या मुलांचे वाचन घरोघरी जाऊन तपासते. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी पाचवीतली मुले देशभरात २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. करोनानंतर २०२२ मध्ये ती ४२.८ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये ४९ टक्क्यांच्या आसपास सावरली. हे काम मोलाचे आहे. पण ते ग्रामीण भागापुरते आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली त्यात येत नाही. शिवाय तिथे मुख्यत: मजकूर वाचता येतो का हे पाहिले जाते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना तो वाचता येतो, अगदी घडघडा. त्यांचा प्रश्न त्याच्या पुढच्या पायरीवरचा आहे.

‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचन पाहताना तीन गोष्टी पाहते : मजकुरातली माहिती शोधणे, मजकुराचा अर्थ लावणे आणि मजकूर पारखून घेणे. आपली कृतिपत्रिका पहिल्या गोष्टीपाशी बराच वेळ थांबते. दुसरीला हात लावते. तिसरीचा ठेका स्वमताकडे दिला आहे, आणि स्वमताचा गाइडकडे.

चातक, मोर आणि सव्वीस जुलै

आता निबंध. दहावीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत; त्यांतले ८ गुण प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकाला. नावे बदलली तरी ओळख जुनीच आहे. फाटक्या पुस्तकाचे मनोगत, वटवृक्षाचे आत्मकथन, मी पाहिलेला अपघात, पावसाळ्यातील एक दिवस. पुस्तक असो, वृक्ष असो की शाळेची घंटा असो, सगळे एकाच सुरात बोलतात : आधी वैभव, मग उपेक्षा, शेवटी माणसाला उपदेश.

या साच्याबद्दल मी दुसऱ्या कोणाला दोष देण्यापूर्वी माझी एक गोष्ट सांगते.

२६ जुलै २००५ ला मंगळवार होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल ठप्प झाल्या, उल्हास नदीला पूर आला, कल्याण-बदलापूर पट्ट्यात घरे पाण्याखाली गेली. त्या वर्षी सहामाहीला मी नववीच्या वर्गाला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध घातला. गठ्ठा तपासायला घेतला, तर बहुतेक वह्यांत धरित्रीने हिरवा शालू नेसला होता, चातक तृप्त झाला होता, मोर नाचत होता. ज्यांचे वडील दोन दिवस रुळांवरून चालत घरी आले, त्यांच्याही निबंधात मोरच होता.

एका मुलाने तसे लिहिले नाही. त्याचे घर खाडीकडच्या बाजूला, तळमजल्यावर. त्याने लिहिले की, पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा आईने सर्वांत आधी गॅसचे सिलिंडर उचलून ओट्यावर ठेवले, मग रेशनकार्ड, मग धाकट्या बहिणीला. त्याने लिहिले की, रात्री वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सगळे बसले होते आणि कोणी बोलत नव्हते. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. सुरुवात नव्हती, समारोप नव्हता. मी त्याला दहापैकी चार गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिले : ‘वर्णन कमी. भाषा अलंकारिक हवी.’

काही वर्षांपूर्वी तो मला डोंबिवलीच्या फलाटावर भेटला. ठाण्यात नोकरी करतो. वाकून नमस्कार केला, चौकशी केली, आणि हसत म्हणाला, “बाई, तुम्ही ‘वर्णन कमी’ लिहिलं होतं, आठवतं?” मला आठवत होते. “त्याच्यानंतर मी गाइडातलंच लिहायला लागलो. सात पडायचे.” तेवढ्यात गाडी आली.

त्या मुलाने आईचा क्रम नेमका टिपला होता. आधी सिलिंडर, मग रेशनकार्ड, मग मुलगी. वाचताना मनात येते, मुलगी शेवटी का? मग कळते : मुलगी स्वत:च्या पायांवर उभी होती, आई तिला नजरेसमोर ठेवून होती. निबंधातून असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात उभा करणे हे त्याने साधले होते, आणि मला ते वाचता आले नव्हते. आकलनाच्या चाचणीत त्या दिवशी शिक्षिका नापास झाली होती.

निबंध कोठून आला?

निबंध हा आपल्याकडे सजावटीचा प्रकार म्हणून जन्मलेला नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले. त्यांच्या मतांशी कडाडून भांडावे असे त्यांत पुष्कळ आहे आणि लोक भांडलेही. पण निबंध म्हणजे एखादी बाजू घेणे आणि कारणे देऊन ती लढवणे, हे तिथे गृहीतच होते. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ आली. तीही रागाने पेटलेली, पण मुद्द्यामागून मुद्दा मांडणारी.

त्याच्याही आधीचे एक उदाहरण तर थेट शाळेतले आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दु:खाविषयी एक निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. आजच्या हिशेबाने ही आठवी-नववीतली मुलगी. तिने काय केले ते पाहण्यासारखे आहे. वेद हे आमचेच, असा ब्राह्मणांचा दावा तिने ऐकला होता. तो तिने जसाच्या तसा घेतला आणि त्याच्या शेवटापर्यंत नेला : तसे असेल, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता? पुढे तिने आपल्या वस्तीत बायकांना डोक्यावर छप्पर नसताना बाळंत व्हावे लागते, हे जवळून पाहिलेले मांडले.

यात आकलन आणि निबंध असे दोन विभाग पाडून दाखवा. पाडता येणार नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे नीट समजून घेणे, त्यातून काय निघते ते पाहणे, मग आपल्या डोळ्यांनी पाहिलेले त्याच्यासमोर ठेवणे, ही एकच क्रिया आहे. आपण तिचे दोन तुकडे केले. एकाला चौकटी दिल्या, दुसऱ्याला अलंकार. मुक्ता साळवे यांचा निबंध आज परीक्षेला आला असता, तर समासात काय शेरा पडला असता, हा विचार मला अस्वस्थ करतो. कारण तो शेरा माझ्या अक्षरात दिसतो.

पाणी बंदची सूचना

तर मग करायचे काय? आमच्या शनिवारच्या मुलांबरोबर आम्ही जे करतो ते सांगते. त्यात नवे शास्त्र काही नाही.

कल्याण-डोंबिवलीतल्या मुलांना पाणी बंद राहणार असल्याची सूचना तोंडपाठ असते. तिच्या धर्तीवर मी तीन वाक्ये तयार केली : ‘जलशुद्धीकरण केंद्रातील दुरुस्तीच्या कामामुळे मंगळवारी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील. बुधवारी पाणी कमी दाबाने येईल. नागरिकांनी पाण्याचा पुरेसा साठा करून सहकार्य करावे.’

पहिला प्रश्न : पाणी किती तास बंद राहील? सगळ्यांनी बारा लिहिले. दुसरा प्रश्न : पंप नसलेल्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांचे पाणी प्रत्यक्षात किती दिवस जाईल, आणि कशावरून? इथे पेने थांबली. ‘कमी दाबाने’ हे शब्द सगळ्यांनी वाचले होते, पण त्यांचा चौथ्या मजल्याशी संबंध कोणी जोडला नव्हता. एकाने जोडला आणि मग तो सगळ्यांना दिसला. तिसरा प्रश्न : ‘पुरेसा साठा’ कोणाला करता येईल?

चाळीत एका खोलीत राहणाऱ्या नववीच्या एका मुलीने या प्रश्नाला लिहिले, ‘आमच्या घरी एक पिंप आहे आणि पाच माणसे आहेत. सूचना लिहिणाऱ्याच्या घरी टाकी असावी.’

हे तिसऱ्या पायरीचे वाचन आहे. मजकूर कोणी लिहिला, कोणाला समोर धरून लिहिला, कोण त्यातून सुटले, हे तिने पिंपावरून ओळखले. मी तिला म्हटले, आता याच वाक्यापासून पुढे लिही. तिने दीड पान लिहिले. विषयाला नाव द्यायचेच तर ‘पाण्याचे महत्त्व’ द्यावे लागेल, पण त्यात पाणी म्हणजे जीवन असे कोठेही नव्हते. पिंप कोण भरते, रांगेत कोण उभे राहते, त्या दिवशी शाळेला कोण उशिरा पोचते, हे होते. शुद्धलेखन आम्ही नंतर सुधारले. आधी सुधारले असते तर दीड पान झाले नसते.

आमचे नियम तीनच. उतारा वाचून झाला की तो झाकायचा आणि शेजाऱ्याला आपल्या शब्दांत सांगायचा. शेजाऱ्याला कळला नाही तर आपल्याला कळला नाही असे धरायचे. प्रत्येक उत्तरापुढे ‘कशावरून?’ लिहून त्याचे उत्तर उताऱ्यातच शोधायचे. आणि निबंधात स्वत: पाहिलेली किमान एक गोष्ट आलीच पाहिजे, जी शेजारच्या मुलाच्या निबंधात येऊ शकणार नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा वेग सुरुवातीला कमी पडतो. २०२० च्या कायद्याने मराठी त्यांच्या शाळेत सक्तीची झाली आहे, पण जोडाक्षरापाशी ती अडखळतात. त्यांना मी मोठा उतारा देत नाही. तीन ओळी देते आणि प्रश्न मात्र तेच विचारते. कमी वाचून जास्त समजणे हे त्यांना जमते, आणि जमले की ती स्वत:च पुढच्या ओळी मागतात.

या उपायांच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. माझ्यासमोर मोजकी मुले असतात; शिक्षकासमोर पूर्ण वर्ग असतो, शिवाय ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे असतात. दीड पानाचे साठ वेगवेगळे निबंध वाचायला वेळ लागतो. साठ मोर वाचायला लागत नाही. साचा टिकून आहे तो शिक्षक आळशी आहेत म्हणून नाही, तो तपासायला स्वस्त आहे म्हणून. तेव्हा बदल मागायचाच असेल तर मंडळाकडे एक साधी गोष्ट मागावी : स्वमताचे गुण वाढवावेत, आणि उत्तरसूचीत छापील मत न देता एवढेच लिहावे की, मत कोणतेही असो, त्याला उताऱ्यातला एक आधार आणि अनुभवातला एक आधार आहे का ते पाहावे. गाइडला पहिला आधार छापता येईल. दुसरा येणार नाही.

आपल्या या पट्ट्यात वाचनाची परंपरा काही कालची नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ठाण्यात २०१० मध्ये आणि डोंबिवलीत २०१७ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या चौकातही पेढे वाटले. मीही खाल्ला. पण त्या शनिवारी दहावीतल्या मुलाला मी त्याबद्दलची बातमी वाचायला दिली आणि विचारले, ‘अभिजात’ म्हणजे काय? त्याने क्षणभर बातमीत शोधले. मग त्याला काहीतरी आठवले असावे. तो हसला आणि म्हणाला, “बाई, हा टोमक आहे. मला अर्थ माहीत नाही.”

गेल्या वर्षभरात त्याने दिलेले ते सर्वांत चांगले उत्तर होते. आपल्याला कळले नाही, हे त्याला कळले होते. मी कपाटातून शब्दकोश काढून त्याच्या हातात दिला.